सिस्टरचा चष्मा

सिस्टर निवडून आल्या त्या दिवशी चौकातल्या चहावाल्याने एक विनोद केला. तो म्हणाला, "अर्ध्या मतदारांना आयुष्यातली पहिली चापट यांनीच मारलीय. मत दिलं नसतं तर दुसरी खावी लागली असती!"

विनोद होता, पण खोटा नव्हता. सिस्टरनी उभा जन्म बाळंतपणं करण्यात घालवला. मूल बाहेर आलं आणि रडलं नाही की त्या त्याला पालथं धरायच्या, पाठ चोळायच्या, आणि तरीही त्याने हट्ट सोडला नाही तर एक चापट द्यायच्या. मग मूल असं भोकाड पसरायचं की बाहेर बसलेल्या बापाचा जीव भांड्यात पडायचा. पुढे ती मुलं मोठी झाली, दुकानदार झाली, पोलीस झाली, मिशा पिळू लागली. पण रस्त्यात सिस्टर समोरून आल्या की भले भले गडी नकळत पाठ सरळ करून उभे राहायचे. पाठीला काय आठवत असेल ते पाठीलाच ठाऊक.

राजकारणाशी त्यांचा संबंध नव्हता. पक्षात उमेदवारीसाठी दोघेजण हमरीतुमरीवर आले होते. एकाला द्यावी तर दुसरा पाडणार, दुसऱ्याला द्यावी तर पहिला पाडणार. शेवटी पक्षातल्या एका म्हाताऱ्याला सुचलं की जिला कोणी पाडू धजणार नाही अशी बाई उभी करा. निवृत्त होऊन घरी कुंड्यांना पाणी घालत बसलेल्या सिस्टरच्या दारात माणसं आली. सिस्टरनी साफ नाही म्हटलं. तेव्हा आतून त्यांचे यजमान बाहेर आले. ते बस डेपोत मेकॅनिक होते, तेही निवृत्त. हात पुसत म्हणाले, "अगं, इतकी वर्षं तू बायकांना म्हणत आलीस, जोर लाव, जोर लाव. आता लोक तुला म्हणतायत. लाव की!"

आणि सिस्टर आमदार झाल्या.

सभागृहात त्यांना मधल्या रांगेतली जागा मिळाली. मोठं उंच छत, गुळगुळीत लाकडी बाकं, आणि अध्यक्षांच्या खुर्चीच्या दोन्ही हातांना दोन दारं. विधेयकावर मत मोजायचं ठरलं की घंटा व्हायची. ज्याला विधेयक हवं त्याने उजव्या दाराने बाहेर पडायचं, नको त्याने डाव्या. घंटा थांबली की दारं बंद. शिपाई डोकी मोजायचे आणि तेवढ्यावर राज्याचा कायदा ठरायचा. पहिल्यांदा हे पाहिलं तेव्हा सिस्टर शेजाऱ्याला म्हणाल्या, "अहो, मेंढ्या मोजतात तसंच की हे!" शेजारी गंभीरपणे म्हणाला, "मेंढ्यांना निदान आपलं दार ठाऊक असतं."

त्याच्या बोलण्यातली खोच त्यांना हळूहळू कळली.

बाहेरच्या माणसाला वाटतं, आमदाराचं मत वरून येतं. नेत्याने डोळा मिचकावला की झालं. कोणी म्हणतं मतदारसंघाचा दाब, कोणी म्हणतं बायकोचा. यातलं सगळंच थोडंथोडं खरं आहे. पक्षाचा आदेश निघाला की त्याच्यापुढे शहाणपण चालत नाही. कधी घरची पोरगी जेवताना एक वाक्य बोलते आणि बाप दुसऱ्या दिवशी दुसऱ्या दाराने जातो. पण विधेयकं येतात ती ढिगाने. एक पाण्याचं, एक शाळेचं, एक गुरांच्या रोगाचं, एक कसल्याशा शिक्क्यांचं. सगळी वाचायची म्हटली तर माणसाने जेवायचं कधी आणि आपल्या गावच्या लोकांना भेटायचं कधी? मग माणूस काय करतो? ज्याला त्यातलं कळतं त्याच्याकडे बघतो. अंधाऱ्या वाटेवर कंदीलवाल्याच्या मागे जावं तसं.

त्या सभागृहात हे कोणी ठरवलेलं नव्हतं, आपसूक झालं होतं. पाण्याचं विधेयक आलं की कालव्यावर नोकरी केलेल्या एका आमदाराकडे सगळ्यांचे डोळे. शाळेचं आलं की गुरुजींकडे. गुरुजी पसंत पडलं की पेन खिशाला लावायचे, नापसंत असलं की बाकावर आपटायचे. आणि दवाखान्याचं काही आलं की सिस्टरकडे.

सिस्टरची खूण होती चष्मा. दवाखान्यातली त्यांची सवय अशी, की नातेवाईकांना वाईट बातमी सांगायची वेळ आली की आधी चष्मा काढायचा. चष्म्याआडून तसलं काही सांगू नये, असं त्यांना वाटायचं. बातमी चांगली असली की चष्मा नाकावर तसाच. सभागृहातही ती सवय त्यांच्याबरोबर आली. विधेयक पटलं नाही की उठायच्या आधी त्यांचा चष्मा हातात यायचा. मागच्या रांगेने ते हेरलं, आणि सिस्टरना पत्ताही लागला नाही.

पत्ता लागला तो एकदा चष्मा दुरुस्तीला दिला होता तेव्हा. औषध दुकानांचं काहीतरी विधेयक होतं. घंटा झाली तशी मागून कोणीतरी त्यांच्या खांद्याला हळूच बोट लावलं. मागे भट्टीवाला बसायचा. त्याच्या विटांच्या भट्ट्या होत्या, देह भट्टीएवढा आणि आवाज मात्र बारीक.

"सिस्टर, आज चष्मा आणलाच नाही?"

"दुरुस्तीला दिलाय. का?"

"मग आम्ही जायचं कुठल्या दाराने?"

सिस्टर हसल्या. मग त्यांनी मान वळवून पाहिलं तर अख्खी रांग त्यांच्या नाकाकडे बघत होती. त्यांचं हसू जागच्या जागी विरलं. घरी गेल्यावर त्या यजमानांना म्हणाल्या, "अहो, मला भीती वाटतेय. मी नाक खाजवलं तरी कायदा बदलेल."

यजमान म्हणाले, "मग खाजवू नकोस."

तेव्हापासून त्या जपू लागल्या. सभागृहात चष्मा उगाच काढायचा नाही. काच धुरकटली तर बाहेर जाऊन पुसायची. शिंक आली तरी एक हात चष्म्यावर. इतक्या माणसांनी आपल्यावर विसंबून राहावं, याचं ओझं त्यांना तान्ह्या बाळासारखं वाटायचं. खाली ठेवता येत नाही, आणि हलगर्जीपणाने धरताही येत नाही.

अशात ते विधेयक आलं.

राज्यात डोंगराडोंगरांवर बाळंतपणाच्या लहान खोल्या होत्या. एक खाट, एक चूल, एक नर्स आणि मदतीला एक मावशी. नव्या विधेयकात लिहिलं होतं की या खोल्या बंद कराव्यात. यापुढे बाळंतपण फक्त तिथेच, जिथे ऑपरेशनची सोय आहे. आरोग्यमंत्री माणूस सज्जन होता, स्वतः डॉक्टर होता, आणि त्याचं म्हणणं चुकीचं नव्हतं. ऐनवेळी पोट कापायची गरज पडली तर त्या खोलीत काय करणार?

हे सिस्टरइतकं कोणाला ठाऊक होतं? त्यांची पहिली नेमणूक अशाच एका खोलीत झाली होती. खिंडीच्या वर, दगडी पायऱ्या चढून गेल्यावर ती खोली. खालची माणसं तिला नुसतं 'वरची खोली' म्हणायची. तिथे नोकरीच्या पहिल्याच वर्षी, भर दुपारी, एक बाई त्यांच्या हातात गेली. रक्त थांबेना. खालून गाडी येईपर्यंत सगळं संपलं होतं. कोणाची चूक नव्हती. ऑपरेशनची सोय असती तर ती बाई आज नातवंडं खेळवत असती, एवढंच.

म्हणून मंत्र्याने त्यांना बोलावून मत विचारलं तेव्हा सिस्टरनी ती गोष्ट त्याला सांगितली. कधी कोणाला सांगत नसत, पण डॉक्टर माणूस, समजून घेईल म्हणून सांगितली. मंत्री म्हणाला, "सिस्टर, तुमच्या गावच्या दवाखान्यात ऑपरेशनची खोली व्हावी म्हणून तुम्ही किती दिवस मागे लागला आहात. या विधेयकाबरोबर ती होईल. माझा शब्द. तुमचा द्या."

सिस्टरनी दिला. त्यात लाच नव्हती. एक बाई वाचायला हवी होती, पुढच्या वाचतील असं त्यांना मनापासून वाटलं.

पण डोंगराकडचे आमदार बिथरले होते. त्यात सिस्टरच्या, म्हणजे सत्तेतल्याच पक्षातलेही होते. पक्ष फुटायला नको म्हणून नेत्याने आदेश काढायचं टाळलं. म्हणाला, ज्याने त्याने आपल्या मनाने जावं. पक्षाला मतं गोळा करून द्यायचं काम ज्याच्याकडे, त्या प्रतोदाची मात्र झोप उडाली. आदेश असता तर त्याला काठी होती. आता नुसते पाय धरायचे.

मताच्या आदल्या दिवशी तो सिस्टरकडे आला. फार बोलका माणूस, दारातूनच सुरू व्हायचा.

"सिस्टर, उद्या भाषण नको तुमचं."

"मी कुठे करतेय?"

"नाही, मागायलाच आलो नाही मी भाषण. मला फक्त तुमचा चष्मा पाहिजे."

"देऊन टाकू? नंबर मोठा आहे हो, पडाल कुठेतरी."

"थट्टा नको. तुमच्या मागची रांग, तिच्या मागची रांग, सगळी तुमच्या नाकावर जगतात. उद्या घंटा होईपर्यंत तो तिथून हलला नाही पाहिजे. बास. बाकी माझं मी बघतो."

"नाही हलणार," सिस्टर म्हणाल्या. "शब्द दिलाय."

तो गेल्यावर यजमानांनी चहा आणून ठेवला. म्हणाले, "काय गं, चेहरा का असा?"

"काही नाही. विधेयक बरोबर आहे."

"मी कुठे म्हटलं चूक आहे?"

"मग विचारलंत कशाला?"

"बरोबर असलेल्या इंजिनाचा आवाज असा येत नाही," एवढंच बोलून ते कुंड्यांकडे गेले.

दुसऱ्या दिवशी सभागृह गच्च भरलं होतं. सिस्टर आपल्या जागेवर बसल्या, चष्मा नीट बसवला, हात मांडीवर ठेवले. डोंगरवाले बोलले, तावातावाने बोलले. मग मंत्री उठला. आकडे सांगितले, परदेशातलं काही सांगितलं, आणि शेवटी आवाज खाली आणून म्हणाला, "आपल्यातच एक ज्येष्ठ भगिनी बसल्या आहेत. त्या तरुण असताना अशाच एका खोलीत होत्या. एक खाट, एक चूल आणि एक अडाणी मावशी. दुसरं काही नाही. त्यांच्या डोळ्यांदेखत एक आई गेली. ती खोली त्या दिवशीच बंद व्हायला हवी होती. आज आपण ती बंद करू या."

सभागृह हळहळलं. कितीतरी माना सिस्टरकडे वळल्या. मंत्र्याने काही वाईट हेतूने सांगितलं नव्हतं.

सिस्टरना मात्र पुढचं काही ऐकूच आलं नाही. त्यांच्या कानात एकच राहिलं. अडाणी मावशी.

त्या दिवशीच बंद व्हायला हवी होती, असं तो म्हणाला. पण त्या दिवसानंतर एक दुसरा दिवस आला होता. तो सिस्टरनी मंत्र्याला सांगितलाच नव्हता.

ती बाई गेल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी तरुण सिस्टरनी आपली पत्र्याची पेटी भरली होती. हे काम आपलं नाही, घरी जाऊन शिवणकाम करू, मातीची भांडी विकू, काहीही करू, पण पुन्हा कोणाच्या पोटाला हात लावणार नाही. पेटी उचलून दारात आल्या तर मावशी चुलीपुढे पाणी उकळत बसलेली. वाळलेल्या शेंगेसारखी बाई, तोंडाने फटकळ. तिने वर न बघता विचारलं, "कुठं?"

"घरी."

"जा की. पण खाली वाटेत एक बाई चढून येतेय, तिला सांगत जा, परत फीर म्हणून. मला सांगायला व्हायचं नाही."

सिस्टरनी खाली पाहिलं. खरंच, पायरी पायरीवर थांबत, भिंतीला धरत, एक बाई वर येत होती. दोन हात पोटाखाली. काल या खोलीत काय झालं ते तिला ठाऊक असणारच, डोंगरात बातमी वाऱ्यावर जाते. तरी ती येत होती. दुसरीकडे जायला जागाच नव्हती. ती दारापर्यंत आली, चौकटीला धरून उभी राहिली आणि सिस्टरच्या हातातल्या पेटीकडे बघत राहिली.

सिस्टरना रडू फुटलं. तशी मावशीने ऊन पाण्याचं भांडं पुढे सरकवलं.

"रडायचंय ना? रड. किती रडायचं तितकं रड. पण आधी हात धू."

त्यांनी हात धुतले. रडत रडतच धुतले, रडत रडतच ते बाळंतपण केलं, आणि पोरगी रडली तेव्हा खोलीत चौघीजणी रडत होत्या. संध्याकाळी मावशीने पेटी उघडून कपडे पुन्हा खुंटीवर टांगले. त्या कपड्यांबरोबर सिस्टरचं पुढचं सगळं आयुष्य टांगलं गेलं. सगळी बाळंतपणं, सगळ्या चापटा, ही बाकावरची जागासुद्धा. ती अडाणी मावशी नसती तर यातलं काहीही नसतं.

सभागृहात सिस्टरचे डोळे भरून आले. समोरचं सगळं पाण्यात बुडालं. दिसेना तशी त्यांनी चष्मा काढला. आपण काय केलं ते त्यांच्या ध्यानातही आलं नाही. चष्मा हातात, हात मांडीवर, आणि त्या तशाच बसून राहिल्या.

घंटा झाली.

बाकं सरकली, पावलं वाजली. चष्म्याशिवाय सिस्टरना हातभर पलीकडचं दिसत नसे. त्यांना फक्त रंगांचे ठिपके हलताना दिसले, आणि ठिपक्यांचा एक मोठा लोंढा डावीकडे चाललेला. त्यांच्या बाजूने भट्टीवाल्याचा प्रचंड देह सरकला. त्यांनी त्याची बाही धरली.

"कुठे निघालात सगळे?"

"तुमच्या मागे, सिस्टर."

"माझ्या मागे? अहो, मी तर इथेच बसलेय!"

भट्टीवाला थांबला. त्याने त्यांच्या हातातल्या चष्म्याकडे पाहिलं, मग त्यांच्या तोंडाकडे. त्यांनीही हाताकडे पाहिलं. इतक्या दिवसांत शिंकताना धरून ठेवलेला चष्मा ऐनवेळी हातात आला होता. मंत्र्याला दिलेला शब्द, प्रतोदाला दिलेला शब्द, गावची ऑपरेशनची खोली, सगळं त्या दोन काचांबरोबर खाली आलं होतं.

घंटा वाजत होती. एक हाक मारली असती तर सगळे फिरले असते. 'अहो, मी डोळे पुसत होते,' एवढंच म्हणायचं होतं. तोंड उघडलंही त्यांनी. पण ते वाक्य अर्धंच खरं झालं असतं. डोळे का भरले हे त्यांना आता ठाऊक होतं. खोली बंद केल्याने डोंगरातल्या बायका बाळंत व्हायच्या थांबणार नव्हत्या. रस्ता नाही, गाडी नाही, तोवर त्या पायऱ्या चढून यायच्याच, येऊन चौकटीला धरून उभ्या राहायच्याच. आत पाणी उकळत ठेवणारं कोणी नसेल, इतकाच फरक.

मागे राहिल्या होत्या त्या एकट्याच. माणसं पुढे गेली होती, बरोबर तिथेच, जिथे त्यांना जायचं होतं.

त्यांनी चष्मा डोळ्यांवर चढवला आणि त्या उठल्या. पण डावीकडे जायच्या आधी सरळ उजव्या दाराशी गेल्या. मंत्री तिथे उभा होता. त्याला वाटलं, आल्या. त्याने वाट करून दिली.

"साहेब," त्या म्हणाल्या, "मी दिलेला शब्द परत घ्यायला आलेय. पाठीमागे घेण्यापेक्षा तोंडावर घेतलेला बरा."

मंत्र्याचा चेहरा उतरला. "पण ती गोष्ट तुम्हीच सांगितलीत मला."

"हो, सांगितली. पण अर्धीच. दोष माझा आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच खोलीत मी एक बाळंतपण केलं. त्या अडाणी मावशीने करवून घेतलं. ते आधी सांगायला हवं होतं."

मागून प्रतोद धावत आला. घामाघूम. "सिस्टर, चष्मा! अहो, चष्मा!"

"आता घातलाय की," त्या म्हणाल्या, आणि घंटा थांबायच्या आत लगबगीने डाव्या दाराकडे गेल्या. शिपायाने त्यांच्यासाठी दार अंगाने अडवून धरलं होतं. त्या बाहेर पडल्या आणि दार लागलं.

विधेयक थोडक्यात पडलं. पुढे ते दुरुस्त होऊन परत आलं. ज्या खोलीपर्यंत पक्का रस्ता आणि दाराशी उभी गाडी पोचली असेल तीच बंद करायची, तोवर नाही, असं त्यात आलं. त्या वेळी सिस्टरनी चष्मा नाकावर ठेवला आणि उजव्या दाराने गेल्या, मंत्र्याच्या अगदी मागोमाग. त्यांच्या गावची ऑपरेशनची खोली मात्र तेव्हा झाली नाही. ती दुसऱ्या एका गावाला गेली. गावातल्या काहींनी टोमणे मारले. सिस्टरनी ते मुकाट्याने ऐकून घेतले आणि दर अधिवेशनात मंत्र्याच्या दाराशी जाऊन बसत राहिल्या. त्याने कधी तोंड फिरवलं नाही. "या," म्हणायचा, "अर्धी गोष्ट की पूर्ण?" खूप उशिराने, पण खोली झाली.

पण हे पुढचं. त्या दिवशी मत संपल्यावर बाहेरच्या लांब व्हरांड्यात त्यांनी आपल्या मागच्या रांगेला गाठलं. खोटेपणा त्यांना पचत नसे.

"ऐका हो, एक सांगायचंय. मी आज चष्मा काढला तो विधेयक नको म्हणून नाही. डोळ्यांत पाणी आलं म्हणून निघाला. मी खरं तर उजवीकडे जाणार होते. तुम्ही चुकलात, आणि तुमच्यामुळे मी वाचले."

भट्टीवाला आपल्या बारीक आवाजात म्हणाला, "सिस्टर, पुसायला काढलेला चष्मा माणूस पुसतो. तुम्ही नुसता धरून बसला होतात. आणि या सभागृहात आम्ही तुमचे डोळे भरलेले कधी पाहिले नाहीत. विधेयकात काय लिहिलंय ते मला अजून धड ठाऊक नाही. पण ज्याने तुम्हाला रडवलं ते चांगलं नसणार, एवढं कळायला भट्टीवाल्याची अक्कल पुरते."

"उद्या कांद्याने डोळ्यात पाणी आलं तर?"

"तर कांद्याच्या विरोधात मत देऊ!"

व्हरांडा हसण्याने भरून गेला. सिस्टरही हसल्या, आणि हसता हसता पुन्हा चष्मा काढावा लागला. तशी भट्टीवाल्याने घाबरून इकडेतिकडे पाहिलं, कुठली घंटा तर होत नाही ना!

अधिवेशन संपल्यावर सिस्टर आणि त्यांचे यजमान वरच्या खोलीकडे गेले. गाडी खिंडीपाशी थांबली, पुढे पायऱ्या. यजमान गाडीपाशीच थांबले, म्हणाले, "तुझं माहेर आहे, तू जा. मी तोवर बॉनेट उघडतो." सिस्टर दम खात, भिंतीला धरत, पायरी पायरीने वर गेल्या. गुडघे कुरकुरत होते. वाटलं, पोटाशी मूल घेऊन या बायका कशा चढत असतील.

खोली तशीच होती. चूल गेली होती, तिथे शेगडी आली होती. नर्स नवी होती, पोरसवदा, हसरी. आणि उन्हात, दगडी उंबऱ्याजवळ, मावशी बसली होती. आणखी वाळलेली, आणखी बारीक. कामावरून केव्हाच सुटली होती, पण रोज सकाळी येऊन बसायची. "घरी सून बोलते, इथं मी बोलते," असं तिचं म्हणणं.

सिस्टर तिच्या शेजारी टेकल्या. मावशीला आता धड दिसत नव्हतं, तिने हाताने चेहरा चाचपून ओळखलं.

"आलीस? पेटी घेऊन आलीस का रिकामी?"

"रिकामी." सिस्टरनी तिचा हात आपल्या हातात घेतला. खरखरीत, ऊन, आणि अजूनही पकड घट्ट. सगळं सांगितलं. दोन दारं, घंटा, मंत्री, मागची रांग. मावशीला त्यातलं किती कळलं कोण जाणे, ती मान हलवत राहिली. सिस्टर शेवटी म्हणाल्या, "मावशी, तेव्हा तू कपडे परत खुंटीला टांगले नसतेस तर मी कुठे असते? आजवर कधी म्हटलं नाही. आज म्हणायला आलेय. तुझे उपकार फिटायचे नाहीत."



"म्हणजे," मावशी म्हणाली, "तू त्या मोठ्या लोकांत बसून रडलीस?"

"हो."

"सगळ्यांसमोर?"

"हो गं."

"आणि हात? हात धुतले होतेस का आधी?"

सिस्टर हसत होत्या की रडत होत्या ते त्यांनाही सांगता आलं नसतं. तेवढ्यात आतून नर्सने हाक मारली. खालच्या वळणावर एक बाई दिसत होती, नवऱ्याच्या खांद्याला धरून, थांबत थांबत वर येणारी. नर्स शेगडी पेटवायला धावली.

मावशीने कोपराने सिस्टरना ढोसलं.

"बसलीस काय अशी? ऊठ. पाणी तिकडं आहे."

सिस्टर उठल्या. चष्मा नाकावर नीट बसवला, बाह्या दुमडल्या आणि हात धुवायला गेल्या.